दिवसांची भिशी

१५ जानेवारी २०२३, रविवार, संक्रांत. रक्कम: दर माणशी दहा दिवस. हजर: आम्ही चौघे मित्र आणि ज्याच्या घरी बसलो होतो त्याची बायको. जागा: अमरावती, मोटारी रिवाइंड करायच्या दुकानामागची खोली.

एवढं माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. वही म्हणजे एक जुनं फील्डबुक. मी भूमापक आहे, शेतांच्या हद्दी मोजायचं सरकारी काम करतो, त्यामुळे अशा वह्या घरात पडलेल्या असतात. त्या दिवशी त्या खोलीत मी एक नियम घालून दिला, आणि दीड वर्षानं त्याच नियमामुळे आमच्यातल्या एकाचा उजवा पाय जायची वेळ आली. त्यातला किती गेला, किती राहिला आणि कसा, तेवढं इथे लिहितो.

आम्ही चौघं कॉलेजला असताना एका खोलीत राहत होतो. आज सगळे पन्नाशीच्या पुढचे. एकाचं अमरावतीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. दुसरा अमरावतीतच शाळेत मास्तर. तिसरा अकोल्याला एका दालमिलमध्ये मुनीम, त्याला आम्ही अकोलेकर म्हणतो. चौथा मी.

पूर्वी आमची पैशांची भिशी होती. तेव्हा पाच जण होतो. दर महिन्याला ठरलेली रक्कम प्रत्येकानं आणायची, स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची आणि फेरी संपेपर्यंत भरत राहायचं. पाचव्यानं पहिल्याच महिन्यात उचलली, पुण्याला गेला आणि भरणं बंद केलं. तिथे ती भिशी मोडली. पैसे फार नव्हते, पण तो माणूस गेला तो गेलाच.

त्या संक्रांतीला मोटारवाल्याची बायपास ठरली होती. मुलगी लग्न होऊन सुरतेला, घरात दोघंच. आम्ही पैशांचा विषय काढला तसा तो म्हणाला, "पैसे नोको. विमा आहे माया. मले माणसं लागतीन. दवाखान्यात कोण बसन, दुकान कोण उघडन?"

अकोलेकर म्हणाला, "मंग भिशीच लावू ना बे. दिवसाची."

"दिवसाची?" मास्तर म्हणाला. "चिठ्ठीत का सूर्य निंगन?"

"चिठ्ठी कायले? ज्याच्यावर येईन तो उचलन."

मी कागद घेतला. चौघं आहोत. एकावर आलं की बाकीच्या तिघांनी प्रत्येकी दहा दिवस द्यायचे, म्हणजे त्याला तीस दिवस मिळाले. चौघांची फेरी पुरी झाली की प्रत्येकानं तीस दिलेले, तीस घेतलेले. हिशेब बरोबर बसत होता. त्याखाली मी नियम लिहिला: एकदा उचलली की फेरी पुरी होईपर्यंत पुन्हा मागायचं नाही, फक्त भरत राहायचं.

मोटारवाल्याची बायको दारात तिळाच्या लाडवांची ताटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, दुखणं का वही पाहून येते?"

"वहिनी," मी म्हणालो, "नियम नसला की पाचवा तयार होते."

सगळे हसले. ती हसली नाही. ताटली ठेवून आत गेली. नियम राहिला.

फेब्रुवारीत बायपास झाली. एकेचाळीस दिवसांत तीस दिवस वापरले गेले. मी रजा टाकून दवाखान्यात बसलो. अकोलेकर सकाळच्या एस.टी.नं यायचा, येताना तुरीची डाळ आणायचा आणि दर वेळी ती मिलमध्ये कशी पॉलिश होते ते सांगायचा. मास्तरानं दुकान उघडलं. त्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं. तो येईल ती मोटार ठेवून घ्यायचा आणि तिच्यावर खडूनं, फळ्यावरच्या अक्षरात, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि "लक्षण" लिहायचा. महिन्यानं मोटारवाला दुकानात गेला तेव्हा अकरा मोटारी रांगेत होत्या. एकीवर लिहिलं होतं: चालते, पण रडते.

"गुरुजी," तो म्हणाला, "हिले बेअरिंग लागते, समजावून सांगायची गरज नाही."

दुसरा नंबर माझा आला. सप्टेंबरात अचलपूरच्या बाजूला मोजणीला गेलो होतो. रोव्हरच्या, म्हणजे उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या मोजणीयंत्राच्या, पडद्याकडे बघत चालत होतो आणि कपाशीतल्या खड्ड्यात पाय गेला. डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली. मास्तरानं दहा दिवस दिले, मोटारवाल्यानं दहा दिले. अकोलेकराला मिलच्या कामातून चारच देता आले, तेवढ्यात माझं भागलं. मोटारवाल्याला वजन उचलायची मनाई होती म्हणून त्यानं माझ्या खाटेजवळ बटण आणि स्वयंपाकघरात घंटी बसवून दिली. मी हाक मारायची गरज नाही, असा हेतू. नंतर माझ्यापेक्षा तोच ती जास्त वाजवायचा, चहासाठी. चौथ्या दिवशी माझ्या बायकोनं वायर काढून टाकली. वहीत नोंद: मिळाले चोवीस, शिल्लक सहा.

तिसरा नंबर मास्तराचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची बायको गेली. चार दिवसांचा ताप, मग दवाखाना, मग नाही. त्याला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं आणि तो मुलाकडे नाशिकला जायला तयार नव्हता. दिवस मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आम्हीच त्याचा नंबर लावला. अकोलेकरानं दहा दिवस राहून त्याला वरण-भात, पोळी आणि दोन भाज्या शिकवल्या. पोळी शेवटपर्यंत गोल झाली नाही. मी बँक, गॅस आणि त्याच्या पेन्शनच्या वारसाची कागदपत्रं केली. मोटारवाल्यानं आपले दहा दिवस सकाळचे ठरवले. सहा वाजता मास्तराच्या दारात उभं राहायचं, त्याला घराबाहेर काढायचं आणि पाच किलोमीटर चालवायचं. त्यासाठी त्यानं नवे बूट घेतले.

पहिले तीन दिवस मास्तर दार उघडत नव्हता. हा बाहेरून ओरडायचा, "उठा गुरुजी, पटावर हजेरी लावा!" शेजारीपाजारी उठायचे. चौथ्या दिवशी मास्तर चप्पल घालून बाहेर आला. दहा दिवस पुरे झाल्यावरही ते चालणं सुरू राहिलं. मी ते जास्तीचे दिवस वहीत धरू का असं विचारलं, तर मोटारवाला म्हणाला, "हवा खातो मी. त्याचे का पैसे लावतं?"

एप्रिलमध्ये एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो होतो. बाहेर बेचाळीस अंश होते. तो घरात मोजे घालून बसला होता. अमरावतीत एप्रिलमध्ये घरात कोणी मोजे घालत नाही. मी ते पाहिलं. विचारलं, "मोजे काहून?"

"कूलरची हवा लागते पायाले," तो म्हणाला.

मला ते पुरलं. त्याला बारा वर्षांपासून साखरेचा त्रास होता हे मला माहीत होतं. बायपासच्या वेळच्या त्याच्या सगळ्या आकड्यांची माझ्याकडे नोंद होती. तरी दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. तो आता उचलणारा नव्हता, भरणारा होता. भरणाऱ्याच्या तब्येतीला वहीत रकानाच नव्हता.

मे महिन्यात अकोलेकराचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. फेरीतला शेवटचा नंबर. आधी कोण जाणार हे ठरवायला फोन झाले. माझी मोजणीची कामं अडकली होती, मास्तरचे शाळेचे निकाल होते. मोटारवाला म्हणाला, "मी जातो. माये दहा दिवस एका दमात देऊन टाकतो." बॅग घेऊन तो अकोल्याला गेला. सकाळी अकोलेकराला हात धरून चालवायचं, दुपारी मिलचे निरोप घ्यायचे, संध्याकाळी पत्ते. पाच दिवस असे गेले.

सहाव्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला आणि ओल्या पायांनी अकोलेकराच्या खाटेपर्यंत चालत गेला. पांढऱ्या फरशीवर पावलं उठली. डावी पावलं पाण्याची होती. उजव्या प्रत्येक पावलात, अंगठ्याखाली, तांबूस डाग होता. अकोलेकराच्या बायकोनं ते आधी पाहिलं. तिला वाटलं कुंकू सांडलं. तिनं वाकून बोट लावलं आणि वास घेतला.

अकोलेकरानं त्याला खुर्चीत बसवून पाय वर करायला लावला. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये काळं. त्यावर हळद लावलेली होती.

"कवाची आहे हे?"

"दुखत नाही ना बे."

"मी दुखते का नाही विचारलं का? कवाची आहे?"

"झाले असतीन पाच-सहा हप्ते."

अकोलेकरानं मला फोन केला तेव्हा साडेआठ वाजले होते. मी आणि मास्तर दुपारी अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो. अकोलेकर स्वतःच्या पोटाच्या टाक्यांवर हात धरून बाकावर बसला होता. मोटारवाला आत होता. डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं आणि सरळ सांगितलं. साखरेमुळे पायाची जाणीव गेलेली आहे, म्हणून दुखलं नाही, आणि दुखलं नाही म्हणूनच वाढलं. अंगठ्याचं हाड सडलं आहे. अंगठा उद्या सकाळी काढावा लागेल. वर किती चढलं आहे ते आत गेल्यावर कळेल. त्यानंतर सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, रोज ड्रेसिंग करायचं, साखर आवरायची. "हे पाळलं नाही तर पुन्हा इथेच याल. आणि तेव्हा मी अंगठ्याचं बोलणार नाही, गुडघ्याखालचं बोलेन."

त्यांनी बूट मागवले. मास्तर अकोलेकराच्या घरून घेऊन आला. ड्रेसिंग करणाऱ्यानं उजव्या बुटातला तळ उचकटला आणि चिमट्यानं तांब्याच्या तारेचा एक तुकडा ओढून काढला. पेराएवढा असेल. दुकानात तारांचे असे तुकडे सगळीकडे पडलेले असतात. हा तुकडा बुटात उभा रुतला होता आणि त्यावर तो रोज पाच किलोमीटर चालला होता.

मोटारवाल्यानं तो हातात घेऊन उजेडात धरला. "अठरा गेज," तो म्हणाला. "तीन एचपीची आहे."

खरा प्रश्न त्यानंतर आला. अंगठा काढायला तो तयार होता. सहा आठवडे कोणाला बसवून घ्यायला तयार नव्हता.

"चार दिवसात घरी जाईन. दुकानात खुर्चीवर बसून काम करीन. बायको आहे ना."

"तिची कंबर धरली आहे," मी म्हणालो. "तुला उचलून संडासला ती नेणार आहे? आम्ही येतो."

"काहून? माया नंबर लागून गेला. तीस दिवस खाल्ले मी तुमचे."

"म्हणून सांगितलं नाही का तू?"

त्यानं तारेचा तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "उचललेल्यानं मागायचं नाही. फक्त भरायचं. तूच तं लिवलं. मी का पाचवा आहे?"

मी म्हणालो, की नियम माझा होता, तो चुकला, मी तो आता खोडतो.

"तुया वहीत खोडाखोड चालत नाही. तीस वर्षांपासून सांगून राहिला तू आमाले."

मास्तर भडकला. "अबे, तो मोजणीवाला आहे, देव नाही! तीन महिने तू माया दारात बोंबलत होता सकाळी. मी म्हटलं का तुले, का येऊ नोको? आता गुडघ्यातून पाय जाईन तं पटावर हजेरी कोण घेईन माई?"

"तुया नंबर होता तवा."

हे असं वीस मिनिटं चाललं. डॉक्टर एकदा डोकावून गेले. शेवटी अकोलेकर दाराजवळच्या बाकावरून म्हणाला, "नंबर बदलून देता येते ना पण."

सगळे त्याच्याकडे वळले.

"पैशाच्या भिशीत नव्हतो का देत? कोणाच्या घरी लग्न निंगालं, तं ज्याचा नंबर आहे तो आपला देत होता. मंग पुढच्या फेरीत त्याचा घेत होता. आता नंबर माया चालू आहे. सहा दिवस याचे झाले. मी उठून बसलो. बाकीचे मी याले देतो. पुढच्या फेरीत याचा नंबर माया."

"लग्न निंगालं तं देत होते," मोटारवाला म्हणाला.

"लग्न नाही तं अंगठा निंगाला," मास्तर म्हणाला.

"हसवू नोको बे," अकोलेकर पोट धरून म्हणाला, "टाके तुटतीन माये."

मोटारवाल्यानं बोटांवर दिवस मोजले. हे नियमात बसत होतं. त्यानं माझ्याकडे पाहून सांगितलं, "लिव मंग. पण याले द्यायचे माये चार दिवस बाकी आहे, ते खोडजो नोको." मी लिहिलं.

त्याची बायको संध्याकाळच्या बसनं आली. नवऱ्याच्या पायाकडे तिनं बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "मोजे धुवायलेच टाकत नव्हते, भाऊजी. मले वाटलं, माणूस शिस्तीचा झाला, आपले आपण धुते." संक्रांतीच्या दिवशी ती काय बोलली होती ते तिनं काढलं नाही. मला ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी अंगठा आणि त्यामागचं थोडं हाड काढलं. वर चढलेलं नव्हतं.

बेचाळीस दिवस लागणार होते. अकोलेकराच्या नंबरातले माझे दहा आणि मास्तरचे दहा, असे वीस आले. माझ्या फ्रॅक्चरच्या वेळचे अकोलेकराकडे सहा उरले होते, ते मी मोटारवाल्याच्या नावावर केले. टाके सुटल्यावर तो आला आणि ते भरले. सव्वीस. सोळा कमी पडत होते. त्या सोळा दिवसांच्या पानावर मी फक्त तारखा लिहिल्या, नावं लिहिली नाहीत. एकही दिवस रिकामा गेला नाही.

पाचव्या दिवशी आम्ही त्याला अमरावतीला आणलं. शाळेला सुट्टी लागल्यामुळे मास्तर आधी बसला. तो सकाळी घरून वरण-भात करून आणायचा आणि पेशंट प्रत्येक घासाला नाव ठेवायचा. "गुरुजी, हे वरण आहे का खडूचं पाणी?" मास्तर त्याला वाडगं परत घेण्याची धमकी द्यायचा. दुकानातल्या मोटारी रांगेत उभ्या राहिल्या, खडूच्या अक्षरांसह. आता तो खाटेवरूनच फोनवर लक्षणं ऐकायचा आणि दुकानात नव्यानं ठेवलेल्या कारागिराला उपाय सांगायचा. दोनदा त्यानं पाय खाली ठेवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी बायकोनं त्याची डावी चप्पलसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवली.

ड्रेसिंगच्या वेळी मी दर रविवारी जखमेची लांबी मोजली. अडतीस मिलिमीटर, एकतीस, बावीस, चौदा, सहा. सहाव्या रविवारी पट्टी ठेवायला जागा नव्हती. उपाशीपोटीची साखर दोनशे शहाऐंशीवरून एकशे चौतीसवर आली होती. पाय जमिनीवर ठेवायची परवानगी जुलैमध्ये मिळाली. पुढचा भाग भरून घेतलेली मऊ तळाची खास चप्पल करून घ्यावी लागली. तो किंचित डावीकडे झुकून चालतो. आता मास्तर सहा वाजता त्याच्या दारात उभा राहतो, आणि निघण्याआधी दोघं चपला उलट्या करून जमिनीवर आपटतात. रात्री बायको त्याचे तळवे आरशात बघते.

दिवाळीनंतर आम्ही चौघं पुन्हा त्याच खोलीत बसलो. नव्या फेरीचं पान मी लिहिलं. जुना नियम त्यात घेतला नाही. त्याजागी एक रकाना वाढवला: भरणाऱ्याची तब्येत. अकोलेकर म्हणाला की पुढच्या फेरीचा नंबर बदलून घ्यायचं त्यानं नुसतं म्हटलं होतं, ते लिहायची गरज नाही. मोटारवाल्यानं ते लिहून घेतलं. मग त्याच्याकडचे चार दिवस निघाले. आम्ही तिघांनीही सांगितलं की ते सोडून दे. तो म्हणाला, "सोडायले का मी पुण्याले गेलो?"

डिसेंबरात अकोलेकराच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मोटारवाला त्या चपलेवर, एस.टी.नं, एकटा अकोल्याला गेला. डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब टाकायचे होते. त्यानं मोबाइलमध्ये गजर लावून चोवीस वेळा टाकले. एक गालावर पडला, तो त्यानं पुन्हा टाकला. परत आल्यावर त्यानं मला वही काढायला लावली आणि समोर बसून लिहून घेतलं: दिले चार दिवस, अकोलेकराला. बाकी नाही.